बर्ड फीडरच्या संचातील नायलॉन दोऱ्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : लहान मुलांसाठीच्या बर्ड फीडरच्या संचात दिलेला धोकादायक दोरा

महोदय,

आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. उत्तरायणानंतर येथे कित्येक दिवस झाडांवर आणि तारांवर मांजा लोंबत असतो. यंदा पंख कापलेले एक कबूतर आमच्या गच्चीत पडलेले माझ्या सात वर्षांच्या नातीने पाहिले आणि पक्ष्यांसाठी आपण काहीतरी करायचेच, असा हट्ट धरला, म्हणून मी आपल्या कंपनीचा हा संच मागवला.

एका रविवारी आम्ही दोघींनी तो जोडला. फळ्यांच्या खरखरीत कडा पॉलिश पेपरने घासून घेतल्या. तळाला पाणी निथळण्यासाठी भोके नव्हती, ती पाडून घेतली, कारण ओल राहिली की दाण्यांना बुरशी लागते. पक्ष्यांना मीठ सोसत नाही, हे सांगितल्यावर सोबतच्या बाजरीतले खारे शेंगदाणे नातीने एकेक करून निवडून काढले. या त्रुटी घरी दुरुस्त होण्याजोग्या होत्या. माझी खरी तक्रार दोऱ्याची आहे.

टांगण्यासाठी आपण बारीक, पारदर्शक नायलॉनचा दोरा दिला आहे आणि पुढे उंची बदलता यावी म्हणून त्याचे उरलेले टोक कापू नये, असे माहितीपत्रकात छापले आहे. आम्ही ते तसेच ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी एका चिमणीचा पाय त्या मोकळ्या टोकात गुरफटला आणि ती उलटी लोंबकळत फडफडू लागली. तिला रुमालात धरून मी नखे कापायच्या कात्रीने दोरा तोडला, तोवर तो तिच्या बोटात रुतून रक्त आले होते. चिमणी उडून गेली; परंतु “आजी, आपणच मांजा बांधला का?” या नातीच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही, आणि त्या दिवसापासून तिने फीडरमध्ये दाणे घातलेले नाहीत.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर मला सांगितले की दोरा मजबूत असून पाच किलो वजन पेलतो, आणि पुढील खरेदीवर सवलत देऊ केली. चिमणीचे वजन जेमतेम २५ ते ३० ग्रॅम असते. तिला तोडता येत नाही आणि दिसतही नाही, असा दोरा तिच्या दाण्यापाशी बांधायला देणे हाच दोष आहे. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ती माणसांप्रमाणेच पक्ष्यांच्याही जिवाला असलेल्या धोक्यामुळे. आपला दोरा पतंगासाठी नसला, तरी पक्ष्याच्या पायाला तो फरक कळत नाही.

आता आम्ही फीडर लोखंडी आकडीने टांगला आहे. तशी आकडी संचातच देणे आपल्याला अवघड नाही. मला सवलत नको. यापुढील संचांतून हा दोरा आणि माहितीपत्रकातील ती सूचना काढावी, ज्यांनी संच आधीच घेतले आहेत त्यांना दोरा बदलण्याविषयी कळवावे आणि माझी रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. दोऱ्याचा तुकडा आणि माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक
दांडिया बाजार, वडोदरा