साखरलेला मध परत करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरा दिवसांत मला तोच एक व्हिडिओ तीन जणांनी पाठवला. मधाची बाटली रात्रभर फ्रीजरमधे ठेवा, घट्ट झाली किंवा खाली दाणे धरले तर मध नकली, साखर घातलेला. परवा तर शेजारच्या काकू बाटली घेऊन दारातच आल्या, "हे बघा की ओ, खाली नुसती साखर बसलीया, फसवलं आम्हाला, उद्या परत देऊन येतो." मध भुदरगडातल्या एका मध काढणाऱ्याकडनं आणलेला, मीही त्याच्याकडनंच घेतो. त्याला फोन लावला तर म्हणाला, सर, या थंडीत आठ बाटल्या परत आल्या, काय सांगू लोकांना. हे ऐकून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी साखर कारखान्याच्या लॅबमधे तेवीस वर्षं काढली, दाणा धरणं ही गोष्ट रोज डोळ्यासमोर बघितली. पॅनमधे रस आटवत नेतात, पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर त्यात होते, मग बारीक साखरेचं बी सोडतात आणि त्या बियाभोवती दाणा वाढायला लागतो. पॅनमन, म्हणजे पॅन सांभाळणारा कामगार, अधूनमधून काचेच्या पट्टीवर थेंब घेतो, उजेडाकडे धरतो आणि दाणा कुठवर आलाय ते नजरेनं सांगतो. मधात हेच घडतं, फक्त तिथे पॅनमन नसतो.

100 ग्रॅम मधात पाणी जेमतेम 17-18 ग्रॅम, आणि 80 ग्रॅमच्या आसपास साखरच, म्हणजे फ्रुक्टोज साधारण 38 आणि ग्लुकोज 31, बाकी थोड्या इतर साखरा. फ्रुक्टोज पाण्यात सहज राहतं, ग्लुकोजला मात्र एवढ्याशा पाण्यात जागा पुरत नाही, मग ते बाहेर पडून दाणे धरतं. परागकण, मेणाचा कण, काहीही बी म्हणून चालतं. सगळ्यात जोरात हे होतं 10 ते 15 अंशाला, आणि थंडीत आपल्याकडे पहाटे पारा तिथंच असतो. फुलोरा कुठला त्यावरपण आहे, मोहरीचा मध काही दिवसांत साखरतो, फ्रुक्टोज जास्त असलेला महिनोन् महिने पातळ राहतो. म्हणजे काकूंच्या बाटलीत तळाला बसलेली ती साखर मधाची स्वतःचीच असू शकते, बाहेरनं कुणी घातलीय असं त्यावरनं म्हणता येत नाही.

आता फ्रीजरचं. गोठणं आणि साखरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हिडिओत त्या एकात एक कालवल्यात. गोठतं ते पाणी. पाण्यात काहीही विरघळवलं की ते शून्याला गोठत नाही, खाली जावं लागतं, आणि किती खाली ते विरघळलेले कण किती यावर ठरतं. एक किलो पाण्यात 342 ग्रॅम साखर घाला, गोठणबिंदू 1.86 अंश खाली येतो, आणि मीठ फक्त 58.5 ग्रॅम, म्हणजे मोजून तेवढेच कण, घातलं तरी जवळपास दुप्पट खाली येतो कारण मिठाचा एक कण पाण्यात फुटून दोन होतो. फ्रान्सच्या राउल्ट या शास्त्रज्ञानं 1880 च्या दशकात हे मोजून ठेवलंय. लहानपणी उन्हाळ्यात पॉटचं आइस्क्रीम करायचो तेव्हा बर्फात खडेमीठ टाकायला आई का सांगायची, तर याचसाठी, मीठ-बर्फाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. आणि दुधात पाणी घातलंय का हेसुद्धा गोठणबिंदूवरनं कळतं, चांगलं दूध शून्याखाली साधारण अर्ध्या अंशाला गोठतं, पाणी पडलं की तो आकडा शून्याकडे सरकतो. दूधवाल्या या जिल्ह्यात हे बऱ्याच जणांना माहीत असेल.

मग मधाचं बघा, एक किलो पाण्यामागे साडेचार किलो साखर. घरच्या फ्रीजरच्या उणे 18 ला त्याचा बर्फ होणारच नाही, नुसता कडक दाट होणार. आणि लिक्विड ग्लुकोज किंवा तसलंच घट्ट सिरप ठेवलं तर त्याचंही तेच! मग या परीक्षेनं असली-नकली कळणार कसं? उलट भेसळीला वापरतात त्यातली बरीच सिरपं अशी असतात की ती साखरतच नाहीत. आणि दुकानातला काही मध वर्षभर आरशासारखा पातळ राहतो तो गरम करून बारीक गाळलेला असतो, बी म्हणून चालणारे कणच त्यातनं काढून टाकलेले असतात. तेव्हा साखरला म्हणून नकली नाही आणि साखरला नाही म्हणून असलीही नाही. खरं काय ते प्रयोगशाळेतच कळतं.

आपल्या घरात हे ज्ञान आहेच की. लाडवाच्या पाकात आजी लिंबू का पिळायची? आंबटपणानं साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि ते मिश्रण उरलेल्या साखरेला दाणा धरू देत नाही, म्हणून पाक साखरत नाही. काकवी साखरली तर आपण गुऱ्हाळवाल्याला चोर म्हणत नाही, मग मधवाल्यालाच का?

माझ्या दोन मागण्या आहेत. मध विकणाऱ्यांनी, बचत गटांनी लेबलवर मोठ्या अक्षरात छापावं, थंडीत मध साखरतो, तो खराब नाही. आणि अन्न व औषध प्रशासनानं छोट्या उत्पादकांना परवडेल अशा दरात तपासणीची सोय जिल्ह्यातच करून द्यावी, म्हणजे त्यांच्या हातात दाखवायला कागद राहील.

काकूंची बाटली मी ठेवून घेतली. भांड्यात हाताला सोसेल एवढं कोमट पाणी, साधारण 40 अंश, त्यात बाटली उभी केली, पाणी गार झालं की बदललं, उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमधे अजिबात नाही कारण त्यानं मधाचा वास आणि चव जाते. दीड-दोन तासांत दाणे विरघळले. संध्याकाळी बाटली नेऊन दिली, काकूंनी एक चमचा चाखला आणि फडताळात ठेवून दिली.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर