नर कशाला हवेत?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत विचारलंस, काही पालींना, काही शार्क माशांना नराशिवाय पिल्लं होतात, मग बाकीच्या जगानं नर पोसलेत कशाला? मागून बाबा ओरडले, "बरण्यांची झाकणं उघडायला!" आणि विषय हसण्यावारी गेला. पण हा प्रश्न जीवशास्त्रातल्या भल्याभल्यांना छळणारा आहे आणि त्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहिते आहे. निवांत वाच.

आधी हिशेब. समज, एका तळ्यात एकाच जातीच्या दोन माद्या आहेत आणि दोघींचीही दोन दोनच पिल्लं जगतात. पहिली नराशिवाय मुली जन्माला घालते, स्वतःच्या हुबेहूब नकला. दुसरीला जोडीदार लागतो आणि तिच्या दोन पिल्लांत सरासरी एक मुलगी, एक मुलगा. पहिलीला दोन मुली, चार नाती, आठ पणत्या, असं करत दहाव्या पिढीत १,०२४. दुसरीच्या घरात दहाव्या पिढीतही पिल्लं घालणारी एकच. हा दुपटीचा तोटा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० च्या दशकात मांडला आणि तेव्हापासून तो सगळ्यांच्या मानगुटीवर बसला आहे. जोडीदार शोधायचा, त्यासाठी मारामाऱ्या करायच्या, संगातून रोग ओढवून घ्यायचे, हा खर्च आणखी वेगळा. त्यातही विचित्र गोष्ट अशी, की जी मादी जगून वाचून पिल्लं घालायच्या वयाला पोचली तिच्या जनुकांचा संच त्या ठिकाणी चालतो हे सिद्धच झालेलं असतं. तो चालणारा संच ती विस्कटते, निम्मा टाकून देते आणि कुठल्या तरी परक्याच्या निम्म्याशी जोडते. व्यवहारात असं कुणी केलं तर आपण त्याला घरी बसवू.

"लैंगिक पुनरुत्पादनामुळे विविधता निर्माण होते" हे वाक्य बोर्डाच्या पेपरात दोन गुणांना पुरतं. ते चूक नाही, पण ते उत्तरही नाही. विविधता कशासाठी? हजार पिढ्यांनी होणाऱ्या फायद्याच्या आशेवर आज दुप्पट तोटा सोसणारा जीव त्या हजार पिढ्या बघायला उरणारच नाही. फायदा लगेच, पुढच्याच एक-दोन पिढ्यांत दिसायला हवा, आणि तोही भरभक्कम.

आता आपल्या कागलच्या रानात चल. तू लहानपणी बांधावर बसून बेणं तोडताना बघितलं आहेस, पण मी दाखवते त्या नजरेनं बघितलं नसशील. उसाची एक कांडी हातात घे. पेराजवळ एक डोळा, त्याच्या भोवती बारीक ठिपक्यांची रांग. ठिपक्यांतून मुळ्या फुटणार, डोळ्यातून कोंब. ना फूल, ना बी, ना नर, ना मादी. आपल्या रानातला को ८६०३२ जातीचा ऊस म्हणजे शेजारच्या रानातला को ८६०३२, आणि तोच शिरोळला, तोच हातकणंगल्याला. दिसायला लाखो ऊस, जनुकांच्या दृष्टीनं एकच. त्याचे आईबाप होते, को ६२१९८ आणि को-सी ६७१, आणि त्यांचा संकर एकदाच झाला. त्यानंतर वर्षानुवर्षं आपण त्या एकाच रोपाचे तुकडे लावत आलोय.

म्हणजे मघाच्या हिशेबातली पहिली मादी आपल्या दारातच उभी आहे. एक जमलेला संच, तसाच्या तसा उतरवलेला. पिकतोही झकास. मग अडतं कुठं?

अडतं रोगाशी. काणी, गवताळ वाढ हे रोग बेण्यातूनच पुढच्या लागणीत उतरतात. खोडवा धरला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातूनच पुन्हा पीक घेतलं, की तेच बेट, त्यामुळे रोगाला नव्यानं ओळख करून घ्यावी लागत नाही. म्हणून तर बेणेमळा वेगळा राखायचा, तीनेक वर्षांनी बेणं बदलायचं, असं सांगून सांगून कृषी सहायक थकतात. पण निरोगी बेणं आणलं तरी जात तीच. उत्तर प्रदेशात, हरियाणातल्या करनालच्या ऊस संशोधन केंद्रातून आलेल्या को ०२३८ नं कमाल केली होती. टनेज, साखर उतारा, दोन्हीत सरस, म्हणून तिकडच्या बहुतेक रानांत तोच एक ऊस झाला. मग लाल कुजव्याच्या बुरशीचा नवा प्रकार त्या उसाला सरावला आणि फडच्या फड वाळले. असा ऊस उभा चिरून बघितला तर आतला गर लाल, त्यावर आडवे पांढरट पट्टे आणि आंबलेल्या दारूसारखा वास. बुरशीला फार काही करावं लागलं नाही. एका रोपाचं कोडं सुटलं की राज्यभराचं सुटत होतं.

खासबाग मैदानात आजोबांच्या खांद्यावर बसून तू कुस्त्या बघितल्या आहेस, म्हणून कुस्तीच्याच भाषेत सांगते. एखादा मल्ल ढाक या एकाच डावावर कुस्त्या मारायला लागला तर एक हंगाम त्याचा. पुढच्या हंगामापर्यंत गावोगावच्या तालमीत पोरांनी ढाकेचा तोड घोटून घोटून पक्का केलेला असतो, आणि काल ज्यानं इनाम मिळवून दिलं त्याच डावावर आज तो चीत होतो. त्या दिवसांत कुणी फारसं न खेळलेला डाव घेऊन उतरला तर त्याची चलती. तो डाव चांगला असायलाच हवा असं नाही, अनोळखी असला तरी पुरे. मग सगळे त्याच्या मागे लागतात, ढाकेचा तोड विसरला जातो, आणि ढाक पुन्हा चालायला लागते. परजीवी आणि तो ज्याच्या अंगावर जगतो तो यजमान, यांचं असंच चालतं. त्यात यजमानाची अडचण अशी की उसाची एक पिढी वर्ष-दीड वर्षाची, तर बऱ्या परिस्थितीत जिवाणूची वीस मिनिटांची. सरावात जिवाणू कायम पुढे. यजमानाच्या हातात एकच उपाय उरतो, दर पिढीला डाव बदलायचा. संकर होतो तेव्हा नेमकं हेच होतं. तोटा दुपटीचा असला तरी रोगानं नकलांचा फडशा पाडल्यावर तो भरून निघतो, आणि पुढच्याच पिढीत भरून निघतो.

रोगामुळे जीवांत विविधता टिकते हा विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. हे तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. मेनार्ड स्मिथ त्यांचेच विद्यार्थी. १९७३ मध्ये ली व्हॅन व्हॅलेन यांनी जागच्या जागी राहण्यासाठीही धावत राहावं लागतं, या कल्पनेला लुईस कॅरलच्या गोष्टीतल्या, असंच सांगणाऱ्या लाल राणीचं नाव दिलं, आणि १९८० मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी नर-मादीच्या कोड्याची गाठ थेट परजीवींशी घातली.

कल्पना कितीही देखणी असली तरी पुरावा लागतो. न्यूझीलंडच्या तळ्यांत भाताच्या दाण्याएवढी एक गोगलगाय आहे. तिच्या काही माद्या नराशिवाय मुली घालतात, काहींना नर लागतो, आणि दोन्ही एकाच तळ्यात नांदतात. तिला एक चपटा कृमी लागतो, जो तिला वांझ करून टाकतो, म्हणजे वंशाच्या दृष्टीनं ठारच. कर्टिस लाइव्हली यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की जिथं कृमी जास्त तिथं नर जास्त. काठाच्या उथळ पाण्यात बदकं कृमीची अंडी टाकतात, तिथं नर-मादीचा संसार. खोल पाण्यात, जिथं कृमी कमी, तिथं नकलांचं राज्य. पुढच्या वर्षांतल्या निरीक्षणांत असंही दिसलं की जी नक्कल एके काळी सगळ्यात जास्त होती तीच नंतर कृमीला जास्त बळी पडली आणि घटली. ढाकेसारखीच.

दुसरा प्रयोग मला त्याहून आवडतो. २०११ मध्ये इंडियाना विद्यापीठात लेव्ही मॉरन आणि सहकाऱ्यांनी एका सूक्ष्म गोल कृमीचे गट केले. काही गट फक्त स्वतःच स्वतःला फळवणारे, काही फक्त नराशी संग करणारे. त्यांच्यासोबत एक घातक जिवाणू ठेवला आणि त्यालाही बदलत जायची मुभा दिली. स्वतःला फळवणारे सगळे गट वीस पिढ्यांच्या आत संपले. संग करणारे टिकले. जिथं दोन्ही पर्याय खुले होते तिथं संगाचं प्रमाण वाढलं आणि वाढलेलंच राहिलं. पण जिवाणूला गोठवून ठेवलं, दर पिढीला तोच जुना जिवाणू दिला, तर ते थोडे दिवस वाढून परत खाली आलं. म्हणजे रोग असणं पुरेसं नाही, रोग शिकणारा असावा लागतो.

आता तुझ्या-माझ्याबद्दल. लेकराला पहिला संसर्ग कुणाकडून होतो? बहुतेक वेळा आईकडूनच. माझ्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेले जंतू म्हणजे माझ्या शरीराचे सगळे डाव पाठ झालेले मल्ल. तू माझी नक्कल असतीस तर तुझ्या जन्माच्या दिवशी ते तयारीनिशी तुझ्यात उतरले असते, रोगट बेण्यातून काणी उतरते तसे. पेशींवरच्या ओळखखुणा ठरवणारी आपली एचएलए जनुकं माणसागणिक इतकी वेगळी असतात, की अस्थिमज्जा जुळवताना आईची लेकीशी साधारणपणे निम्मीच जुळते आणि सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. रुग्णालयाच्या दारात ही नातेवाइकांची मोठी अडचण असते. जंतूंचीही तीच अडचण. तुझं नाक बाबांच्या घराण्याचं निघालं म्हणून आजी अजून कुरकुरते, पण त्याच निम्म्यात तुझी सर्दी माझ्यापेक्षा दोन दिवस आधी बरी करणारं काहीतरी आलं असेल, काय सांगावं.

बाबांनी हे पत्र वाचलं आणि लगेच हरकत घेतली: उसावरच्या लोकरी माव्याचं काय? २००२ मध्ये तो सांगली भागात दिसला आणि बघता बघता आपल्या सगळ्या पट्ट्यात पसरला, तुझ्या जन्माआधीची गोष्ट. पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लोकर, वरून पडणाऱ्या चिकट्यावर काळी बुरशी, रानातून बाहेर आलं की हात चिकट आणि कपडे काळे. त्या माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट पिल्लंच घालते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं वाढायला लागलेली असतात. हरकत बिनतोड आहे, आणि मला ती आवडली. वरचा दुपटीचा हिशेब आठव. थोड्या काळात नकलाच जिंकतात, आणि समोरचा ऊसही एकसारखा, मग डाव बदलायचं कारण काय? पुढे माव्याचे शत्रू वाढले, डिफाच्या अळ्या, मायक्रोमस आणि एनकार्सियाची चिमुकली गांधीलमाशी, तेव्हा मावा आवरला. फवारणीचे पैसे वाया गेले ते गेलेच.

परजीवी हे पूर्ण उत्तर आहे असं मात्र मी म्हणणार नाही. नकलांच्या वंशात बिघडलेली जनुकं साचत जातात, त्यांना बाहेर काढायला संकर लागतो, हे हर्मन मुलर यांचं म्हणणंही तितकंच खरं वाटतं. माझा कल परजीवीकडे आहे तो ऊसवाल्या घरात नांदते म्हणूनही असेल. आणि ब्डेलॉइड रोटिफर नावाचे सूक्ष्मजीव तर कोट्यवधी वर्षं नराशिवाय चाललेत, त्यांचा नर कुणीच बघितलेला नाही. मेनार्ड स्मिथ त्यांना उत्क्रांतीतली भानगडच म्हणायचे. पण त्यांचीही एक युक्ती २०१० मध्ये समोर आली. त्यांना मारणारी बुरशी आली की ते वाळून कोरडे होतात आणि वाऱ्यावर उडून जातात. बुरशीला इतका वाळवा सोसत नाही. पाणी मिळेल तिथं ते पुन्हा जिवंत होतात, रोगाला मागे टाकून. डाव बदलता येत नाही त्यानं मैदानच बदललं.

हे रोटिफर शेवाळात असतात. होस्टेलच्या भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ चिमूटभर घे, रात्रभर पाण्यात ठेव आणि सकाळी त्या पाण्याचा थेंब प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघ. जळवेसारखं आखडत-पसरत चालणारं आणि तोंडाशी दोन चक्रं फिरवणारं काही दिसलं तर फोटो पाठव, बारावीच्या मुलींना दाखवते. बाबांना यंदा दोन एकरांत फुले २६५ जातीचा ऊस लावायचा आहे, त्या बेण्याच्या गडबडीत रविवारी फोन उचलला नाही तर रागावू नकोस.

तुझी,
आई