नाना, तुमच्या माळावरचा पाऊस माझ्या विहिरीत उतरला

ती. स्व. नाना यांना साष्टांग नमस्कार.

बांधाला बांध असताना पत्र कशाला, म्हणाल. पण समोर आलो की तुम्ही विषय गुरांवर नेता आणि माझं सांगायचं राहून जातं. शिवाय हे चार लोकांत सांगायला हवं. माझ्या विहिरीला पाणी टिकलं म्हणून माणसं येतात, कठड्यावर उभं राहून फोटो काढतात, मला नारळ-शाल देतात. वर माळाकडे कुणी फिरकत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात वॉटर कपचं, म्हणजे पाणी अडवण्याच्या गावागावांतल्या स्पर्धेचं, श्रमदान निघालं, तेव्हा गावापुढं प्रश्न एकच होता : चर खणायचे कुणाच्या रानात? जमीन अडणार वरच्याची, विहीर भरणार खालच्याची. त्यात आपल्या दोघांत हातभर बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद. ग्रामसभेत मी मान खाली घालून बसलो होतो. तुम्ही उठलात, "माझ्या माळापास्नं सुरू करा," म्हणालात आणि तंबाखू मळत बाहेर गेलात.

समपातळी दाखवणाऱ्या हायड्रोमार्करच्या नळीतलं पाणी दोन्हीकडं एका रेषेत आल्याशिवाय तुम्ही कुणाला चराच्या खुणेची फक्की मारू दिली नाहीत. चर दोन फूट रुंद, फूटभर खोल, माती खालच्या अंगाला. चर जरा कलला तर पाणी थांबायचं सोडून पळतं. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तरी लाखभर लिटर पाणी होतं. तुमच्या माळावरचं ते पाणी आजवर माझ्याच वावरातली माती घेऊन माणगंगेला जात होतं, आणि मी मात्र हातभर बांधासाठी भांडत होतो!

पण चर खणणं त्यातलं सोपं काम. पुढं चराईबंदी आली. तुम्ही बारा शेळ्या विकल्या, खिल्लार गाई दावणीला बांधल्या. आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. २०१९ च्या उन्हाळ्यात तुमच्या गाई चारा छावणीत होत्या, चर कोरडे होते. तेव्हा तुम्ही मला एक शब्द जरी बोलला असता, तरी मी काय उत्तर देणार होतो?

परतीच्या पावसात चर पहिल्यांदा तुडुंब झाले. नंतर कुसळीच्या जागी पवन्या, मारवेल असं चाऱ्याचं चांगलं गवत दिसायला लागलं.

ते दोन पेले आठवतात का? तुम्ही माझ्या नांगरटीतलं एक ढेकूळ आणि तुमच्या गवताखालचं एक ढेकूळ पाण्यात सोडलंत. माझं मिनिटभरात विरघळलं, पेल्यात नुसता गाळ. तुमचं चहा होईपर्यंत तसंच, वर पांढऱ्या मुळ्या लोंबत. "तुझ्या मातीत गोंद नाही राहिला," म्हणालात. खोटं नव्हतं. मुळं, बुरशी, गांडुळं मातीचे कण चिकटवून धरतात, म्हणून त्यात पाण्याला वाट राहते. उघड्या मातीवर थेंब आदळले की खपली धरते आणि पाऊस वरूनच वाहून जातो. धसकटं जाळणं मी त्या दिवशी सोडलं. खोल नांगरट सुटायला अजून दोन वर्षं लागली. ट्रॅक्टर दारात असला की हात शिवशिवतो.

आता पन्नास फुटी विहिरीला मार्चअखेरपर्यंत पाणी राहतं. पूर्वी संक्रांतीलाच तळ दिसायचा. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि फटींत, म्हणजे हंडा लहानच. हे विसरून मी बोअरवाल्याला विसार द्यायला निघालो होतो, डोक्यात ऊस. तुम्ही रस्त्यात अडवून विचारलंत, "माळावरनं किती उतरलं ते मोजलंस का?" मोजलं नव्हतं. बोअर राहिली, ऊसही राहिला.

यंदा शाळूला, रब्बीच्या ज्वारीला, एकही पाणी दिलं नाही. हस्ताच्या ओलीवर मालदांडी उभी आहे, कणसं दाणे धरताहेत.

मोजणीचा अर्ज मी मागं घेतला आहे. बांधाचा दगड तुम्ही म्हणता तिथंच राहू दे. गाईंसाठी कडब्याच्या दोनशे पेंढ्या बाजूला काढणार आहे. नको म्हणू नका, गाडी भरून मीच वर आणतो. आणि हुरड्याला काकूंना घेऊन या.

तुमचा,
खालच्या वावरातला