धूर दिसला की इंजिन उतरवायचे नसते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात जुन्या डिझेल गाड्यांच्या धुरावर आपण अर्धे पान दिले, त्याबद्दल आभार. पण त्यातले ‘सायलेन्सरमधून धूर येऊ लागला म्हणजे इंजिन कामाला आले’ (म्हणजे उतरवून खोलायला आले) हे ठळक वाक्य साफ चुकीचे आहे आणि त्याची किंमत खेड्यातल्या गाडीवाल्याला मोजावी लागते. काळा, पांढरा, निळा, तिन्ही धूर लेखात एकाच दावणीला बांधले आहेत. धूर कोणत्या रंगाचा आणि तो केव्हा येतो, सकाळच्या पहिल्या सेल्फला, चढावर की उतार संपल्यावर, हे विचारल्याशिवाय चांगला मिस्त्री पान्याला हात लावत नाही.

आमच्या गावातल्या एका व्हॅनवर गेल्या हंगामात हेच ओढवले. सकाळी वेचणीच्या बाया, संध्याकाळी कापसाची गाठोडी, दिवसभर मुरमाचा रस्ता. दिवाळीनंतर गाडी चढावर काळा धूर सोडू लागली. एका गॅरेजने रिंगा (पिस्टनवरची कडी) गेल्याचे सांगून इंजिन उतरवले. ऐन वेचणीत गाडी बावीस दिवस उभी. नवे पिस्टन-लायनर बसवून बाहेर आली तेव्हा धूर तितकाच काळा. शेवटी कोणीतरी एअर क्लीनरचे झाकण उघडले. कागदी फिल्टरच्या घड्या दिसतच नव्हत्या. रुई आणि मुरमाची धूळ यांचा असा थर बसला होता की बोटाने ओढला तर वाकळीतल्या जुन्या कापसासारखा अख्खा निघून आला. फिल्टर बदलला आणि त्याच दिवशी धूर गेला. रिंगा गेलेल्या इंजिनाचा धूर निळा असतो, काळा नव्हे, एवढे जरी त्या दिवशी कोणी पाहिले असते तरी त्या घराचा हंगाम वाचला असता. म्हणूनच आपल्या ठळक वाक्याचा एवढा राग आला.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी. डिझेल जास्त पडते किंवा हवा कमी पडते. आधी हवा पाहायची, कारण ते काम फुकटात होते. कापूस आणि सोयाबीनच्या कुटाराच्या दिवसांत फिल्टर दर आठवड्याला उघडावा. हवा मारायची तर आतून बाहेर आणि कमी प्रेशरने. बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी रुतते. मग अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरावा, उजेडाचा ठिपका दिसला की कागद फाटला, तो फिल्टर फेकावा. त्यानंतर क्लीनरपासून इंजिनपर्यंतचा रबरी पाइप. तो बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला थर सुटलेला असेल तर रेस दिल्यावर आत ओढला जाऊन चपटा होतो. टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) गाडीत पाइपची क्लिप ढिली असली तरी हाच धूर.

हवा ठीक निघाली तरच नोझलकडे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे, वळावे. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या इंजिनात गाडी आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून १७ नंबरच्या पान्याने एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा ढिला करायचा. ज्याचा नट सोडल्यावर धूर आणि ठोका कमी होतो, ते नोझल थेंब गाळते. ज्याने इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळात चालतच नाही. हात आणि डोळे दूर ठेवावेत, त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, गाडीत हा प्रयोग चुकूनही करू नये, तिथला दाब जीवघेणा असतो.

पांढऱ्या धुराबद्दल लेखात ‘हेड गॅस्केट गेले’ (इंजिन आणि त्यावरचे हेड यांमधली पट्टी गेली) एवढेच लिहिले आहे. डिसेंबरातल्या थंडीत पहाटे निघणारी, डोळ्यांना झोंबणारी आणि कच्च्या डिझेलचा वास असलेली वाफ गॅस्केटची नसते. ते न जळालेले डिझेल आहे. चारांपैकी एखादा हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारा) मेलेला असतो. प्लगवरची पट्टी काढून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला लावावा. पेटला तर प्लग जिवंत, नाही तर बदलावा. बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांना हा प्लग नसतोच, तिथे नोझल, टायमिंग (डिझेल पडण्याची वेळ) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) पाहावे. इकडचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेले डिझेल. पावसाळ्यात त्यात पाणी धरते. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाव लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे ठेवावे. पाणी असेल तर खाली वेगळे दिसते. त्यानंतर इंजिनाच्या डिझेल पंपावरून आत शिरलेली एअर काढायला विसरू नये, नाही तर सेल्फ मारून मारून बॅटरी बसते.

गॅस्केटचा धूर गाडी तापल्यावरही थांबत नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाणी काठोकाठ भरावे, गाडी चालू करून हलकी रेस द्यावी. बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केट किंवा हेड. गेजवरचे (ऑइल मापायच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर गाडी तिथेच बंद करावी. आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतणे आधी बंद करावे. त्याचा चुना पाण्याच्या वाटा बुजवतो, मे महिन्यात इंजिन तापते आणि हेड वाकते.

निळा धूर ऑइलचा. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या सेल्फला येऊन थांबत असेल, किंवा चिखलदऱ्याचा घाट उतरून पुन्हा रेस दिल्यावर भपकन येत असेल, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबर. हे तुलनेने स्वस्त काम आहे. भार घेऊन चालताना सतत येत असेल आणि आयडलला ऑइलचे झाकण काढल्यावर तिथून फसफस वाफ येत असेल, तरच रिंगा आणि लायनर. पण त्याआधी गेज पाहावा, ऑइल खुणेच्या वर भरलेले असू शकते. ऑइल बाथ क्लीनरच्या (ऑइलच्या मदतीने हवा गाळणाऱ्या क्लीनरच्या) वाटीतही ऑइल खुणेपर्यंतच हवे. जास्त भरले की इंजिन ते ओढते आणि चावी बंद केली तरी आपोआप रेस घेऊ शकते. फार धोक्याचे आहे हे.

पीयूसीबद्दलही लिहिणे भाग आहे. बीएस-४ या सरकारी धूर-मानकापूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटपर्यंत (हे धुराच्या दाटपणाचे माप) आणि बीएस-४ च्या गाडीला ५० पर्यंत धूर चालतो. ही तपासणी इंजिन तापवून, पूर्ण रेस देऊन, नळी सायलेन्सरमध्ये घालून करायची असते. आमच्याकडे काही ठिकाणी नळी घातलीच जात नाही, नंबर प्लेटचा फोटो काढला की कागद हातात. दुसरीकडे काही मिस्त्री तपासणीपुरता डिझेल पंपाचा, डिझेल कमी-जास्त करणारा सीलबंद स्क्रू मागे घेतात, धूर कमी दिसतो, पण गाडी भार ओढत नाही, म्हणून परत येऊन तो पूर्वीपेक्षा जास्त फिरवतात. पंप बिघडतो तो इथे. शाळेच्या मुलांना नेणाऱ्या गाड्याही यात आहेत. यावर आपल्या पानात एक ओळ नव्हती.

ही दुरुस्ती कालच्याच जागी, तितक्याच ठळक अक्षरात छापावी ही विनंती. बोंडे फुटू लागली आहेत, गाड्या पंधरवड्यात वेचणीला लागतील.

आपला,
एक वाचक
केळापूर तालुका, जि. यवतमाळ