तुझं कासव वळलं

प्रिय वैशे,

एवढा मोठा मजकूर बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, आईंची शुगर खालीवर होते, झालं. गेले आठ-नऊ महिने तुझ्या मेसेजना मी नुसते अंगठे पाठवत राहिले त्याचं मनापासून वाईट वाटतंय, तू रागावली असशील तर तुझा हक्कच आहे. पण आजचं मेसेजमध्ये मावणारं नाही, आणि तुला सोडून दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल बरं मग? आणि चहा ओतायला घेईल.

तर तुझं कासव वळलं गं. आपल्या शाळेत, परवा गुरुवारी.

तुला आठवतो तो जुना कॉम्प्युटर, मी ज्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं तो, तो 3 जून 2020 ला निसर्ग वादळात गेला. पत्रे उडाले, कपाटासकट भिजला, आत गाळ. त्यानंतर दोन वर्षं शाळेत कॉम्प्युटर म्हणजे माझा मोबाईल, आणि त्यावरही मुलांना काही दाखवण्यापेक्षा ऑनलाइन माहिती भरणंच जास्त. मग नानांच्या मुलाने मुंबईच्या कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेले चार सीपीयू गाडीत घालून आणले, त्यातले दोन चालतात, उरलेल्या दोघांचे पार्ट त्यांना लावले. त्यानेच लिनक्स टाकून दिलं, फुकट असतं ते आणि जुन्या मशीनवर पळतं. खारी हवा तुला माहितीच आहे, पावसाळ्यात कपाटात झिरोचा दिवा लावून ठेवते नाहीतर महिन्याभरात सगळ्याला गंज. तर त्यात लोगो पण होतं, तुझं ते हुकूम देऊन पडद्यावरच्या कासवाकडून रेघा काढून घ्यायचं. मी उघडलं आणि मधोमध ते टिचभर कासव बघून मला इतकं कसंतरी झालं की मी परत बंद केलं.

वैशे, त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू पोरांना किनाऱ्यावर नेलं होतंस, एकाला कासव केलं होतंस आणि बाकीचे ओरडत होते पुढे दहा, उजवीकडे वळ, आणि मी साहेबांच्या समोर तुला म्हटलं की अभ्यासक्रम कोण पुरा करणार, आणि कॉम्प्युटर बिघडला तर भरपाई कोणाच्या पगारातून. पोरांच्या देखत म्हटलं. तू दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोललीस, डबा पण वेगळा खाल्लास. नंतर बोलायला लागलीस, पण कासव परत काढलं नाहीस. मी चुकले होते. हे मी तुझी बदली झाली त्या दिवशी एसटी स्टँडवर सांगणार होते आणि तुझ्या सामानाच्या गोंधळात राहूनच गेलं.

आता गुरुवारचं ऐक. चौथीच्या पाच जणांना कासव दिलंय, दोन मशीन, पाळीपाळीने. इंग्रजीचा प्रश्नच आला नाही, एफडी म्हणजे पुढे आणि आरटी म्हणजे उजवीकडे एवढं दहा मिनिटांत तोंडात बसलं. चौकोन चार दिवसांत त्यांचा त्यांनी काढला. मग त्रिकोण. नंदाचा धाकटा (हो तोच, आता चौथीत आहे, आईसारखाच हट्टी) म्हणाला सोपंय, तीन बाजू म्हणजे तीनदा पुढे, आणि गुण्यावर कोपऱ्यात 60 लिहिलंय म्हणजे 60 ने वळायचं. मारलं. तीन रेघा आल्या पण मिटल्याच नाहीत, एक बाजू सताड उघडी. सगळे गप्प. आणि सलीमभाईंची नात मान तिरकी करून म्हणाली, बाई, ही तर होडी, कलंडलेली.

खरंच होडी होती गं! मी तोंड उघडलं होतं, 120 जिभेवर आलं होतं, आणि मला तू दिसलीस. तोंड मिटलं. वैशे, एवढं अवघड काम मी वीस वर्षांत केलं नसेल, उत्तर येत असताना न सांगणं. दहा मिनिटं नुसती भांडणं, तुझंच चुकलं, कॉम्प्युटरच खराब आहे, आणि मग ती पोरगी उठून सरळ अंगणात गेली, वाळूत उभी राहिली आणि म्हणाली मीच कासव, तुम्ही सांगा. मी शपथेवर सांगते, तुझं नाव त्यांच्यापुढे कधी काढलेलं नाही. ती चालली, कोपऱ्यावर थांबली, 60 एवढं वळली आणि ओरडली की अरे मी तर समुद्राकडेच चाललेय, परत यायचं तर यापेक्षा खूप वळायला लागतंय! मग आत धावले. 90 करून बघितलं, 100, 110, आणि 120 ला रेघ रेघेला चिकटली. त्यांनी जो गलका केला त्याने पहिली-दुसरीची पण उठून आली.

आणि डबा खाऊन झाल्यावर नंदाच्या धाकट्याने त्याचं ते 60 सोडलं नाही, तीनच्या जागी सहादा टाकलं. पूर्ण षटकोन आला. तो म्हणतो, होडी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब. मी फळ्यावर फक्त चार नव्वदे, तीन एकशेवीसे, सहा साठे असं एकाखाली एक लिहून ठेवलंय, उत्तर लिहिलेलं नाही, सोमवारी बघू कोण काय म्हणतं.

तू तेव्हा सांगायचीस की अमेरिकेतल्या त्या सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी 1967 मध्ये लोगो काढलं आणि सुरुवातीचं कासव पडद्यावर नव्हतंच, जमिनीवर सरपटणारं यंत्र होतं, आणि मुलाने मशीनला शिकवायचं, मशीनने मुलाला नाही. मला ते पुस्तकी वाटायचं. अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवीण येऊन अंडी घालून वळून परत जाते तिचा माग ज्या पोरांनी डोळ्याने बघितलाय, त्यांना ते पुस्तकी वाटेलच कशाला, हे मला सुचलंच नाही. कर्जतजवळ खैरातच्या शाळेत 2007 मध्ये ते हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप पोरांना दिले होते तेव्हा तू बघायला जाऊया म्हणून माझ्या किती मागे लागलीस, मी सुट्टी नाही म्हटलं. सुट्टी होती.

बरं, आता खरी काळजी. शिमग्याला मुंबईकर आले, पालखी सहाणेवर बसली आणि तिथेच मंडळाची मीटिंग. आबांनी जाहीर केलं की यंदा शाळेला 75 इंची स्मार्ट पॅनल देणार, सगळा अभ्यास व्हिडिओत भरलेला. टाळ्या. आणि आबा मला म्हणाले, एकदा लावलं की पोरं शांत बसतील बाई, तुम्हालाही आराम. वैशे, ते किती प्रेमाने म्हणाले मला माहितीये, निसर्गनंतर पत्रे त्यांनीच स्वतः उभं राहून घातले. पण मला काहीतरी लागलं. मी उठून म्हटलं की त्यापेक्षा इन्व्हर्टरला नवी बॅटरी द्या, अजून दोन-तीन जुने कॉम्प्युटर द्या आणि नेटचं वर्षाचं भाडं भरा. पाठीमागून कोणीतरी बोललं, बाईंना नवीन काही नको असतं. मी खाली बसले.

मला नवीन नको असतं का? तू सांग. पॅनल वाईट असतं असं मी म्हणतच नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग, एका वर्गाला वीस मिनिटं काही चांगलं लावून दिलं तर दुसऱ्याकडे बघता येतं, हृदय कसं धडधडतं ते मी फळ्यावर काढून दाखवू शकत नाही. पण लॉकडाऊनपासून ही पोरं बघतच आहेत गं. घरी आईचा फोन, रात्री उशिरापर्यंत रील, तिसरीतला एक जण तर सकाळच्या प्रार्थनेला उभ्याउभ्या पेंगतो. त्यांना बघायला आणखी मोठा पडदा द्यायचा, की हाताला काहीतरी करायला द्यायचं?

त्या पेंगणाऱ्याचंच सांगते. जोडाक्षर आलं की त्याची गाडी अडायची, समुद्र वाचताना समु म्हणून थांबायचा. मी त्याला मराठी कीबोर्डवर बसवलं, इनस्क्रिप्टच, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. द दाबला, मग मी म्हटलं आता त्याचा पाय मोड, डीची कळ, द चा पाय मोडला, मग र दाबला आणि दोघं त्याच्या डोळ्यासमोर एक झाले. त्याने तो द्र पुसून पुसून परत केला, अकरा वेळा मोजले मी. मग म्हणतो, बाई, हा द आणि र च आहे, मला वाटायचं तिसरंच कायतरी अक्षर आहे. वीस वर्षं मी जोडाक्षरं शिकवतेय आणि पोराला नेमकं कुठे अडतं ते मला त्या दिवशी कळलं.

आणि नेट हवंच, त्याबद्दल मी तुझ्या बाजूला आले. रेंज अजून सड्यावर गेल्याशिवाय धड येत नाही, फायबर आलीय पण रस्ता खणला की तुटते. आली त्या दिवशी पोरांनी काय शोधावं? वरून दिसणारा आपला गाव. प्रत्येकाला आपापलं छप्पर सापडलं. मग कासव किती अंडी घालतं ते शोधलं, तिथे 100 च्या आसपास लिहिलेलं, तर कासवमित्राचा पुतण्या उसळला, काकाने 132 मोजलीत, हे खोटं आहे. अर्धा तास त्यावर गेला, आसपास म्हणजे काय, आणि कोणी मोजलं, कुठे मोजलं. मला तरी त्याहून चांगला तास घेता आला नसता. पण कोणीतरी शेजारी बसायला लागतं. तू 1999 चा दिल्लीच्या कालकाजीतला तो वस्तीतल्या पोरांसाठी भिंतीत बसवलेला कॉम्प्युटर सांगायचीस, पोरं आपली आपण शिकली म्हणून, आणि मी म्हणायचे की उद्या हेच दाखवून आपल्याला घरी पाठवतील. त्या भांडणात मात्र मी अजून माझ्याच जागेवर उभी आहे!

पण रात्री झोप येत नाही ती दुसऱ्याच कारणाने. पट 19 आहे. फाट्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागलीय. खालच्या आळीतल्या दोन घरांनी स्पष्ट सांगितलंय, पॅनल येणार असेल तर पोरं इथेच ठेवतो. म्हणजे मी नको म्हणायचं आणि 17 वर यायचं? आणि पुढच्या वर्षी 14? मग माझं कासव कोणाला शिकवू? हो म्हणावं तर मंडळाचे सगळे पैसे त्यातच संपतात, बॅटरीला पुन्हा दोन वर्षं कोणी विचारणार नाही, आणि वीज गेली की ते पॅनल म्हणजे नुसती काळी भिंत. ह्यांना विचारलं तर म्हणतात घे ना, फुकट मिळतंय. जोशीबाईंना विचारलं तर त्यांना निवृत्तीला सात महिने राहिलेत. म्हणून तुला विचारतेय.

एक सुचलंय. 1 मे ला झेंडावंदन आणि निकाल, आबा आणि मंडळाची बरीच माणसं येणार आहेत. त्या दिवशी दोन्ही मशीन पडवीत मांडते आणि भाषण वगैरे काही नाही, पोरांना सांगते की आबांना बसवा आणि त्यांच्याकडून त्रिकोण काढून घ्या. आबा 60 च टाकतील, पैज लाव. मग त्यांना अंगणात न्यायचं. त्यानंतर पॅनल आणि बॅटरी दोन्हीचं बोलणं काढते, छोटं पॅनल घेऊन काही जमतं का बघते.

तुझं काय? चिन्मयची दहावी झाली ना, गणित कसं गेलं, मला कळवलं पण नाहीस. घाटावरचं ऊन सोसतंय का आता? मामींची कंबर? नवीन शाळेत पट किती, आणि त्या मोडक्या प्रोजेक्टरचं काय झालं? वास्तुशांतीला येता आलं नाही, त्याचं वेगळं भांड.

आमसुलं आणि थोडे कुळीथ सुभाषच्या गाडीने पाठवतेय, शनिवारी स्टँडवरून घे. आणि येताना त्याच्याकडेच तुझी ती निळी वही दे, कासवाची, ज्यात तू किनाऱ्यावरचे सगळे खेळ लिहून ठेवले होतेस. टाकली नसशील ना? 1 मे च्या आत हवीय. फोन करायचा तर रात्री आठनंतर कर, तेव्हा मी सड्यावर असते.

तुझी,
शुभा