मंत्रिमहोदय, एकदा रात्री टॉर्च घेऊन आमच्या खुराड्याकडे या

मा. पशुसंवर्धन मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय, सादर नमस्कार.

परवा माझ्या अर्जाचं उत्तर टपालाने आलं. चार ओळींचं, तेही इंग्रजीत. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेतलं. मला याआधी पिल्लांचा लाभ दिलेला आहे, म्हणून अर्ज निकाली काढला, असं त्यात होतं. महोदय, मी पिल्लं मागितलीच नव्हती. दिलेल्या कोंबड्या बिनकवचाची अंडी घालताहेत, रोडावताहेत, कुणाला तरी बघायला पाठवा, एवढंच मी लिहिलं होतं. माझा अर्ज कुणी वाचलाच नाही. म्हणून आता सगळ्यांसमक्ष लिहिते आहे.

मी पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, राहते. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या सात घरांना प्रत्येकी २५ पिल्लं मिळाली. मंडप घातला होता, फोटो झाले. दर महिन्याला डॉक्टर येईल, लस आणि औषध घरपोच मिळेल, असं माइकवरून सांगितलं गेलं. त्या शब्दावर मी बचत गटातून १५ हजार उचलले आणि पत्र्याचा, बांबूचा खुराडा बांधला. आज वर्ष होत आलं. डॉक्टरचं पाऊल आमच्या वाड्यावर पडलेलं नाही.

डिसेंबरात रोज १४ अंडी मिळत होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात १२ रुपयांना एक, दुपारपर्यंत टोपली रिकामी व्हायची. फेब्रुवारीत कवच खरखरीत झालं, मग पातळ. एका पहाटे पेंढ्यात हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ, कोमट लागलं. कवच नाहीच, नुसती पडदी, आणि आत बलक हलताना दिसत होता. उचलताना हातातच फुटलं. पुढे रोज तसंच. फुटलेली अंडी कोंबड्या स्वतःच खायला लागल्या. बाजारात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत सहा अंड्यांचा चिखल झाला, ती चारचौघांत मला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. एप्रिलपर्यंत १४ ची ४ झाली. रोजची दहा अंडी गेली म्हणजे महिन्याचे ३,६०० रुपये. बचत गटाचा हप्ता मात्र थांबत नाही.

रिक्षाला पैसे घालून एक कोंबडी मी दवाखान्यात नेली. टोपलीवरचं फडकंसुद्धा न उचलता मला सांगितलं, कॅल्शियम द्या. कसलं, किती, कधी? उत्तर नाही.

ते उत्तर मला सीमेपलीकडच्या माणसाकडून मिळालं. माझं माहेर सावंतवाडीकडचं. तिथले एक निवृत्त पशुधन मदतनीस भावासोबत आले आणि आधी खाद्याची गोणी बघायला मागितली. पिल्लांसोबत जे खाद्य दिलं होतं, तेच मी इमानाने विकत आणत होते. ते वाढीच्या वयाचं खाद्य. त्यात कॅल्शियम साधारण एक टक्का असतं. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के लागतं. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. माझी तांबडी कोंबडी दोन दिवस उठलीच नव्हती, पाय पसरून बसून होती. ती आळशी झाली म्हणून मी तिला पायाने ढकललं होतं. हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं.

कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंच काम रात्री होतं. तेव्हा पोटात शिंपल्यांचा जाडसर चुरा असला तर तो हळूहळू विरघळून कामी येतो, शिंपल्यांचं बारीक पीठ मात्र लगेच निघून जातं. शिंपले! ज्या गोव्यात घरोघरी तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) खातात आणि टरफलं उकिरड्यावर टाकतात, तिथे माझ्या कोंबड्या शिंपल्यावाचून झिजल्या. आता मी टरफलं धुऊन, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाडग्यात ठेवते. हवं तेवढं त्या खातात. खर्च शून्य. ही गोष्ट पिल्लं देताना माइकवरून सांगायला दोन मिनिटं लागली असती.

पण अर्धं दुखणं वेगळंच होतं. तुरे पांढुरके पडले होते. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला तयार नसत, फणसावर चढून बसत. मला वाटलं आत साप येतो. ते गृहस्थ म्हणाले, रात्री बघू. अकरा वाजता टॉर्च मारून त्यांनी बसायच्या बांबूचं टोक उचललं. खाचेत ओली मिरचीपूड भरावी तसं लाल काहीतरी होतं आणि ते वळवळत होतं. बांबूखालून धोतराचं पांढरं फडकं फिरवलं, तर त्यावर रक्ताचे फराटे उमटले. माझ्या कोंबड्यांचं रक्त. हा लाल पिसवा, रक्त पिणारा बारीक किडा, दिवसभर लाकडाच्या फटीत दडतो आणि रात्री कोंबडीवर चढतो. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काहीच सापडत नाही. म्हणजे डॉक्टर दुपारी आला असता, तरी त्याने खुराड्याच्या फटी बघायला हव्या होत्या. इथे तर तो दुपारीही आला नाही.

हे कळण्याआधी मी काय केलं होतं तेही लिहिते, कारण ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे. अंगाला खाज सुटते म्हणून दुकानदाराने गुरांच्या गोचिडीचं औषध दिलं, 'एक झाकण बादलीत' म्हणाला. बाटलीवरचं सगळं इंग्रजीत. मी कोंबड्या त्यात बुडवून काढल्या. रात्रीत दोन मेल्या. उरलेल्यांची अंडी मी विकली, शेजारच्या लहान पोराला उकडून दिली. औषधानंतर काही दिवस अंडी खायची नसतात, हे मला महिन्याने कळलं. पोराला काही झालं नाही, पण मी कितीतरी रात्री झोपले नाही. याला जबाबदार कोण? एकटी मी?

आता एक सोडून बाकीचे बांबू जाळून नवे घातले, फटींत उकळतं पाणी ओतलं, भिंतीला चुना लावला, राख आणि कोरडी माती मिसळून अंग लोळवायला खड्डा केला. उन्हाळ्यात अंड्यातून निघालेला पिसवा आठवडा-दहा दिवसांत स्वतः अंडी घालू लागतो, म्हणून दर सात दिवसांनी हे सगळं पुन्हा करते. नुसता खुराडा रिकामा ठेवून भागत नाही, पिसवा काही महिने उपाशी राहतो. सात घरांपैकी चार घरांनी कंटाळून कोंबड्या कापून खाल्ल्या. तुमच्या कागदावर ती सातही घरं लाभार्थी म्हणून उभी असतील.

२०२० पासून आम्ही 'स्वयंपूर्ण गोवा' ऐकतो आहोत. अंडी अजून बेळगावहून येतात. आमच्याच तालुक्यात मोपाला २०२२ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, रात्री डोक्यावरून विमानं जातात, त्यांच्यासाठी रस्ते झाले, जमिनी गेल्या. त्या तालुक्यात कोंबडीकडे बघायला माणूस नाही? १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामाला मराठी वापरायची तरतूद आहे. मग मराठीत लिहिलेल्या अर्जाला इंग्रजीत उत्तर का? माझ्या सासूबाई मराठी पोथी घडाघडा वाचतात, औषधाच्या बाटलीपुढे त्या निरक्षर ठरतात. तुम्हा लोकांना वाटून मोकळं व्हायचं असतं. गाय वाटा, पिल्लं वाटा, शिलाई मशीन वाटा. वाटल्यावर त्या घरात काय झालं, हे कुठल्या रकान्यात भरतात ते एकदा दाखवा.

मला अनुदान नको. पिल्लांबरोबर मराठीत एक पानभर माहिती द्या: कुठल्या महिन्यात कुठलं खाद्य, शिंपले कसे घालायचे, पिसवा कुठे शोधायचा. कोंबड्यांचं औषध आम्हाला परवडेल अशा लहान बाटलीत, मात्रा मराठीत लिहून मिळू द्या. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या लशीची कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची असते, फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. पाच-पंचवीस कोंबड्यांच्या एकेका घराला ती झेपत नाही. वाड्याचा एक दिवस ठरवा, सगळ्या बायका कोंबड्या टोपलीत घालून रांगेत उभ्या राहतील.

आणि माणूस पाठवाल तर रात्री नऊनंतर पाठवा. टॉर्च माझ्याकडे आहे. खुराड्याचा तो एक बांबू मी अजून बदललेला नाही, तो त्याला दाखवायला ठेवला आहे.

आपली,
पेडणे तालुक्यातली एक कोंबडीपाळ बाई
(२५ पैकी आता १६ कोंबड्या)