साडेआठचा आकडा

प्रिय सई,

पोचल्याचा फोन केलास, पण आवाज नाराज होता. तेराव्याला मंडळी जेवताना बाबाचे किस्से सांगून हसत होती, ते तुला लागलं. मला नाही लागलं. पंचवटीतली माणसं ती, दुःखाच्या घरीसुद्धा दोन तास तोंड मिटून बसणं त्यांना जमायचं नाही. आणि किस्से खरेच होते. रंगपंचमीला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हा तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पा मारायचा आणि तोच शर्ट पुढे पावसाळ्यापर्यंत ऑफिसला घालायचा. धुवायचे तर मीच.

तू विचारलंस, गोदाकाठी, गंगेवर, मी मागे का उभी होते. पुढे नेमकं कुठे उभं राहायचं हे मला कळेना, इतरांनाही कळेना. शेजारच्या काकू गळ्यात पडायला आल्या आणि अर्ध्यात थांबल्या. गुरुजी म्हणाले, तुम्हाला सुतक नाही. कावळा मात्र लगेच शिवला. स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा आलेला माणूस! वाटेत नदीचं पाणी बघत थांबला होता म्हणे.

ते नदीचं वेड कुठून आलं, तुला माहीत आहे. १९६९ च्या महापुरात तो अकरा वर्षांचा होता. आजोबांनी त्याला खांद्यावर घेऊन वरच्या आळीत नेलं. तेव्हापासून गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती म्हणजे त्याची मोजपट्टी. सगळं नाशिकच पूर मारुतीवर मोजतं गं, पण बाकीचे 'कमरेला लागलं' म्हणून घरी चहा प्यायला जातात. हा काठावर उभा राहून लोकांशी भांडायचा, की कमरेला नाही, अजून चार बोटं खाली आहे.

आणि पाऊस. लग्नात माझ्या आईने भांडी बाजारातून घेऊन दिलेला तूरडाळीचा स्टीलचा डबा पहिल्याच जूनमध्ये गच्चीवर गेला. डाळ परातीत. मी रडले तर मला समजावलं काय, तर डबा लहान असो की मोठा, भिंती सरळ उभ्या असल्या की मिलिमीटर तेवढेच भरतात, म्हणून हाच लागतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. नव्या नवरीला! रोज सकाळी साडेआठला मोजायचा, कारण वेधशाळाही तेव्हाच मोजते.

हे सगळं ऐकायला गोड आहे. पण तुला मी आजवर एक सांगितलं नव्हतं. तू सात वर्षांची होतीस, ताप एकशे तीनवर गेलेला. औषधाची चिठ्ठी आणि पैसे घेऊन हा रात्री नऊला बाहेर पडला तो पहाटे आला. वही भिजलेली, औषध नाही. सांडव्यावरून पाणी जायला लागलंय म्हणून बघत बसला. मारुतीच्या गुडघ्याला तरी लागलंय का, मी विचारलं. नाही म्हणाला. मी रात्रभर तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. त्या पहाटे माझं ठरलं, कोर्टात जायला पुढे पाच वर्षं लागली एवढंच. त्याला माफ केलंय का म्हणशील तर त्या रात्रीपुरतं नाही केलेलं. मेल्यावर माणूस चांगला होतो, तसा तो माझ्यापुरता झालेला नाही.

संमतीने अर्ज दिला की कोर्ट सहा महिने विचार करायला देतं. आमचे ते सहा महिने नेमके पावसाळ्यात आले. पंचवटीतल्या त्याच्या खोलीभोवती चार-चार मजले उभे राहिलेले, मोकळं आभाळच नव्हतं, म्हणून डबा माझ्याच गच्चीवर राहिला. आधी रोज येऊन मोजायचा. मग म्हणाला, तूच बघून सांग. लग्नात मी 'अहो' म्हणायचे, कोर्टानंतर 'अरे' म्हणायला लागले, आणि खरं सांगू, 'अरे'मध्ये बोलणं सोपं गेलं.

चोवीस पावसाळे, सई. साडेआठला फोन. तो म्हणायचा, "किती?" मी म्हणायचे, "चौदा." संपलं. तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. एकदा संतापाने मी वरती न जाताच "बत्तीस" सांगितलं. तासाभरात दारात हजर. आभाळ तसं नव्हतं, म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

२००८ च्या सप्टेंबरात सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा दर तासाला फोन करत होता. "तुमच्याकडे किती?" एवढंच. ठीक आहात ना, असं एकदाही नाही. मला तेव्हा फार राग आला होता. नंतर कधीतरी लक्षात आलं, डबा तर दिवसातून एकदाच मोजायचा असतो.

वह्या तुला हव्यात म्हणालीस, पुढच्या खेपेला ने. एकतीस आहेत. शेवटच्या वहीत तो गेला त्या दिवसाची जागा कोरी आहे. तिथे मी काही लिहिलेलं नाही आणि तूही लिहू नकोस. त्यानंतरचे आकडे माझ्या अक्षरात आहेत. काल बावीस होता. मोजून खाली आले आणि फोन हातात घेऊन जिन्यात उभी राहिले, तर खालच्या मजल्यावरचा मुलगा म्हणतो, "आजी, रेंज नाही का?"

आज सात. तुला कळवलं.

दुपारी भांडी बाजारात जाऊन डाळीसाठी नवा डबा आणला. इतकी वर्षं प्लास्टिकच्या बरणीवर भागवलं होतं.

तुझी,
आई